गोंदणातला मोर

तेलुगू भाषेत गोंदणाला 'पच्चबोट्टु' म्हणतात. 'पच्च' म्हणजे हिरवा आणि 'बोट्टु' म्हणजे ठिपका किंवा टिळा. तमिळ लोक त्याला 'पच्चै कुत्तुदल', म्हणजे हिरवे टोचणे, असे नाव देतात. बेळगावकडच्या श्रोत्यांच्या कानांवरून गेलेला 'हच्चे' हा कन्नड शब्दही त्याच कुळातला आहे. तमिळातील 'पाल'चे, म्हणजे दुधाचे, कन्नडात जसे 'हालु' होते, तसेच 'पच्चे'चे 'हच्चे' झाले. नवल असे की, ज्या गोंदणाला दक्षिणेकडील तीन भाषांनी हिरवे म्हटले, त्याची शाई मुळात काळी असते. दिव्याची काजळी हाच तिचा प्राण होय.

याचे कारण शाईत नसून कातडीत आहे. काजळी अंगाच्या पृष्ठभागावर राहत नाही. सुईच्या टोकाबरोबर ती वरचा पातळ थर ओलांडून सुमारे एक-दीड मिलिमीटर आत जाऊन बसते. वरून येणाऱ्या प्रकाशातला तांबडा भाग खोलवर शिरतो आणि त्या काजळीत जिरून जातो. निळा भाग मात्र वरच्या थरांतच विखुरला जाऊन डोळ्यांकडे परत येतो. म्हणून कातडीखालचे काळे निळसर भासते, आणि गव्हाळ वा सावळ्या वर्णाच्या पडद्याआडून पाहिले की त्या निळ्यात हिरवी झाक येते. मनगटाच्या शिरांतून वाहणारे रक्त तांबडे असूनही शिरा हिरव्यानिळ्या दिसतात, त्यामागचे कारणही जवळजवळ हेच. श्रोत्यांपैकी अनेकांनी आपल्या आजीच्या मनगटावर किंवा हनुवटीवर जी हिरवट नक्षी पाहिली असेल, ती अशी काळ्यातून उमटलेली असते.

या काळ्या शाईची सिद्धता अगदी साधी असते. तेलाचा दिवा लावून त्यावर भांडे उपडे धरायचे, भांड्याला जमलेली काजळी खरवडून घ्यायची आणि पाण्यात खलायची. मध्य प्रदेशातील मंडला, दिंडोरी आणि बालाघाट या जिल्ह्यांत बैगा स्त्रियांना गोंदणाऱ्या बदनिणी रामतिळाचे, म्हणजे ज्यांना मराठीत कारळे म्हणतात त्यांचे, दाणे जाळून त्यांची मशी करतात. छत्तीसगडात हे काम परंपरेने देवार जमातीच्या स्त्रियांकडे आहे. महाराष्ट्रातल्या जत्रांत आणि आठवड्याच्या बाजारांत बसणारी गोंदणारीण पुष्कळांच्या परिचयाची आहे. तीन-चार किंवा त्याहून अधिक सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, शाईत बुडवायच्या आणि ताणून धरलेल्या कातडीवर भराभर टोचत जायचे, एवढेच तिचे साधन. टोचून झाले की वर हळद लावायची. हा व्यवसाय बहुतेक ठिकाणी स्त्रियांनी स्त्रियांसाठी केलेला आहे. त्याची विद्या आईकडून मुलीकडे किंवा सासूकडून सुनेकडे गेली आणि तिचा मोबदला पुष्कळदा पैशांऐवजी धान्यात मिळाला.

या स्त्रियांच्या सुईखालून जी चित्रे उतरली त्यांत पाखरांना मोठे स्थान आहे, आणि पाखरांत पहिला मान मोराचा आहे. बैगांच्या गोंदणात चूल, टोपली, हळदकुंड, माशी, माशाचा काटा आणि साखळी यांच्या जोडीला मोर येतो. कच्छमधील रबारी आणि सौराष्ट्रातील मेर यांच्या स्त्रियांच्या अंगावरही मोर आढळतो. गुजरातेत या गोंदणाला 'छूंदणां' किंवा 'त्राजवां' म्हणतात, हे बडोद्याच्या श्रोत्यांना ठाऊक असेल. मोराखालोखाल पोपट येतो. हे पक्षी आपल्या लोककलेला नवे नाहीत. पैठणीच्या पदरावर बांगडीमोर असतो आणि काठावर मुनिया, म्हणजे पोपट, ओळीने बसलेले असतात. परंतु पैठणीच्या विणकऱ्यापाशी रेशमाचे सगळे रंग आणि जरीचा तार असतो. गोंदणारणीपाशी एकच काळा रंग असतो, आणि मोर तर साऱ्या पाखरांत अतिशय रंगीत! ज्या पक्ष्याचे सारे वैभव रंगात, त्याला एका काळ्या शाईत कसा उभा करायचा, हा प्रश्न तिने ज्या रीतीने सोडविला, ती पाहण्यासारखी आहे.

तिने रंगाचा नाद सोडला आणि मोराची ठेवण तेवढी घेतली. मानेसाठी एक वळणदार रेघ, डोक्यावरच्या तुऱ्यासाठी दोन-तीन ठिपके, अंगासाठी एक छोटे वर्तुळ किंवा त्रिकोण, आणि पिसाऱ्यासाठी एकाबाहेर एक मांडलेल्या ठिपक्यांच्या ओळी. अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या हाताला ही भाषा अपरिचित नाही. पिसाऱ्यावरचा प्रत्येक डोळा म्हणजे एक ठिपका. दोन ठिपक्यांमध्ये मोकळी राहिलेली कातडी हीसुद्धा या चित्राचाच भाग असते. पाहणाराचा डोळा ते ठिपके आपण होऊन जोडतो आणि त्याला मोर दिसू लागतो.

ही काटकसर केवळ साधनांच्या गरिबीतून आलेली नाही. जिवंत अंगावर काढलेले चित्र कागदावरच्या चित्राप्रमाणे स्थिर नसते. कातडीत शाई शिरली की शरीराच्या रक्षक पेशी तिला परकी समजून गिळून टाकतात. पण काजळीचे कण त्यांना पचत नाहीत, आणि ते कण पोटात घेऊन त्या पेशी तेथेच राहतात. फ्रान्समधील मार्से येथील संशोधकांनी २०१८ साली उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखवून दिले की, अशी एखादी पेशी मेली की तिच्यातून सुटलेले कण शेजारी नव्याने आलेली पेशी उचलून घेते. म्हणजे आपल्याला जे चित्र अचल वाटते, ते आतल्या आत एका हातातून दुसऱ्या हातात जात असते. या देवघेवीत वर्षानुवर्षे काही कण आजूबाजूला सरकतात. रेघ जाड होते आणि तिची कड पुसट होते. अगदी जवळजवळ काढलेल्या दोन बारीक रेघा वीस-तीस वर्षांनी एकमेकींत मिसळतात. परंतु मोकळी जागा सोडून दिलेले ठिपके थोडे फुगले तरी ठिपकेच राहतात. दहा वर्षांच्या मुलीच्या हातावर काढलेला मोर ती सत्तर वर्षांची झाल्यावरही ओळखू येतो, त्याचे रहस्य त्या सोडलेल्या जागेत आहे. गोंदणारणीने सूक्ष्मदर्शक पाहिला नव्हता; पण आपल्या आईने गोंदलेले हात तिने म्हातारे होताना पाहिले होते.

काळ्या रंगाची निवडही अशीच अनुभवातून आलेली आहे. काजळी म्हणजे शुद्धप्राय कार्बन. तो उन्हाने विटत नाही आणि शरीरातील रसांनी विरघळत नाही. आल्प्स पर्वतातील बर्फात १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या पुरुषाच्या देहावर ६१ गोंदणखुणा मोजल्या गेल्या आहेत आणि त्याही कार्बनाच्याच आहेत.

पाखराला थोडक्यात सांगण्याची ही कला केवळ आपल्याकडेच आहे असे मात्र नाही. पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांवर पुरुषांचे अंग कमरेपासून गुडघ्यापर्यंत काळ्या शाईने गोंदण्याची प्राचीन चाल आहे. इंग्रजीतील 'टॅटू' हा शब्द पॅसिफिक बेटांवरील ज्या 'तताऊ' शब्दावरून आला, तो सामोआतही याच अर्थाने चालतो. तेथील नक्षीत 'तुली' नावाच्या, टिटवीच्या कुळातल्या एका किनारपक्ष्याची खूण असते. सामोआच्या सृष्टिकथेत तागालोआ देवाने अथांग समुद्रावर पाठविलेले पाखरू ते हेच. तथापि नक्षीत पक्षी दिसत नाही; दिसतात त्याच्या पायांच्या रेघा तेवढ्या. ओल्या वाळूवर पाखरू चालून गेल्यावर जे उरते, ते सामोआच्या कारागिराला पुरेसे वाटले.

आता या पाखरांच्या अर्थाकडे वळले पाहिजे. मोर म्हणजे पाऊस, कारण मेघ दाटून आले की तो केका करतो व नाचतो. मोर म्हणजे सर्पाचा वैरी, आणि म्हणून शेतात-रानात वावरणाऱ्यांचा रक्षक. मोर म्हणजे कार्तिकेयाचे वाहन, कृष्णाच्या मुकुटातील पीस आणि महाराष्ट्रातील चित्रांत सरस्वतीचे आसन. १९६३ पासून तो भारताचा राष्ट्रीय पक्षीही आहे. पोपट हे कामदेवाचे वाहन. राघू-मैनेची जोडी ही संसाराची खूण म्हणून पाळण्यावर आणि गीतांत येते. हे सारे अर्थ खरे आहेत. मात्र ते सगळे एकाच वेळी एकाच हातावरच्या मोरावर लादणे खरे नव्हे. कच्छच्या वाळवंटाकडेच्या स्त्रीला मोर पावसासाठी प्रिय असेल, मंडल्याच्या रानातल्या स्त्रीला तो रोज दिसणारा शेजारी असेल, आणि तिसरीने तो केवळ शेजारणीच्या हातावर सुंदर दिसला म्हणून काढून घेतला असेल. प्रतीकांचा कोश हाती घेऊन अंगावरचे चित्र वाचणे म्हणजे चित्राच्या धनिणीला न विचारता तिचे पत्र फोडण्यासारखे आहे.

एक समजूत मात्र मध्य भारतात फार दूरवर पसरलेली आहे. सोने-नाणे चोर नेतो, उरलेसुरले मरणानंतर घरचे लोक उतरवून घेतात. गोंदण मात्र कोणालाही उतरविता येत नाही, ते देहाबरोबर आणि देहापलीकडेही जाते. ज्या स्त्रीच्या नावावर जमीन नव्हती, घर नव्हते आणि अंगावरचे दागिनेही अडचणीच्या वेळी गहाण पडत होते, तिने काजळीच्या ठिपक्यांना दागिना का म्हटले असेल, हे या समजुतीतून उमगते. मोर ही तिची एकटीची मालमत्ता होती.

परंतु येथेच एक कठीण गोष्टही सांगितली पाहिजे. ही मालमत्ता तिने मागितली होती काय, हे बहुधा कोणी विचारलेले नव्हते. बैगा मुलीच्या कपाळावर पहिली खूण होते तेव्हा ती जेमतेम आठ वर्षांची असते. इतर अनेक समाजांतही गोंदण लग्नापूर्वी उरकून घेण्याची रीत होती. गोंदण नसलेल्या नवरीला सासरी टोमणे ऐकावे लागत. मुलीला वडीलधाऱ्या बायका धरून ठेवीत, गोंदणारीण तिचे मन रमविण्यासाठी गाणी म्हणे, आणि सुया चालतच राहत. पुढे काही दिवस हात सुजलेला असे. गोंदणातला मोर सुंदर आहे हे जितके खरे, तितकेच तो एका रडणाऱ्या मुलीच्या हातावर काढला गेला हेही खरे. कलेचे कौतुक करणाऱ्याने दुसरे सत्य झाकू नये, आणि त्या वेदनेचा निषेध करणाऱ्याने पहिले नाकारू नये. पुष्कळ वृद्ध स्त्रिया तो दिवस आणि ते दुखणे विसरलेल्या नसतात, आणि तरीही त्या मोरावरून प्रेमाने बोट फिरवितात.

पश्चिमेकडे पाखरांचे गोंदण वाढले ते दर्यावर्दी पुरुषांमुळे. इंग्लंड-अमेरिकेच्या खलाशांत छातीवर भिंगरी गोंदवून घेण्याची चाल होती. पाच हजार सागरी मैलांचा प्रवास झाला की एक भिंगरी, दहा हजार झाले की दुसरी, असा संकेत सांगितला जाई. हिवाळ्यात आपल्याकडे तारांवर ओळीने बसणारी माळभिंगरी ही त्याच जातीची. ती दरवर्षी हजारो मैल जाते आणि पुन्हा आपल्या घरट्याच्या गावी परतते. म्हणून खलाशाच्या छातीवर ती घरी परतण्याची आशा होऊन बसली. त्या लोकांच्या हाती यंत्रही आले. एडिसनने १८७६ साली कागदाला बारीक भोके पाडणाऱ्या विजेच्या लेखणीचे पेटंट घेतले होते. त्याच कल्पनेवरून न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने १८९१ साली गोंदणाच्या विद्युत्‌-यंत्राचे पेटंट मिळविले.

यंत्राबरोबर काळ्या शाईच्याही निरनिराळ्या शैली झाल्या. एक शैली ठळक रेघेची. तीत पाखराची कडा जाड असते व आतला भाग मोकळा सोडलेला असतो. दुसरी भरीव काळ्याची. तीत पाखरू सावलीसारखे सबंध काळे असते. तिसरी ठिपक्यांची, तीत ठिपके दाट-विरळ करून पंखांना गोलाई आणली जाते. चौथी राखाडी छटांची. काळी शाई पाण्याने पातळ करीत धुरकट छटा काढण्याची ही रीत कॅलिफोर्नियातील तुरुंगांत मेक्सिकन वंशाच्या कैद्यांच्या हातून घडली. त्यांच्यापाशी काळ्याखेरीज दुसरा रंगच नव्हता. १९७५ साली चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी यांनी पूर्व लॉस एंजेलिसमध्ये दुकान थाटले आणि या शैलीला बाजारात मान मिळवून दिला. आज मोठ्या शहरांतील दुकानांत ठिपक्यांची शैली नवी म्हणून सांगितली जाते. तिचे एक जुने घराणे मंडल्याच्या आणि कच्छच्या स्त्रियांच्या हातांवर आधीपासून नांदत होते, याची जाणीव ते काम करून घेणारांपैकी थोड्यांनाच असते.

आजच्या तरुण-तरुणींना पाखरू हवे असते ते बहुधा उडणारे. एक पीस, त्याच्या टोकाकडून सुटत जाणारी इवलीइवली काळी पाखरे, आणि खांद्याकडे निघालेला त्यांचा थवा, हे चित्र फार लोकप्रिय आहे. त्याचा अर्थ विचारला तर 'स्वातंत्र्य' असे उत्तर मिळते. आजीच्या हातावरचा मोर जागच्या जागी उभा असतो. तो सांगतो की ही या गावची, या कुळाची, या जमातीची आहे. नातीच्या खांद्यावरचे पाखरू निघून जाण्याची गोष्ट सांगते. आणखी एक भेद आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे: नातीचे पाखरू तिने स्वतः, जाणत्या वयात आणि आपल्या पैशाने निवडलेले असते. तिच्या आजीला ही निवड मिळाली नाही. ही प्रगती नव्हे असे कोण म्हणेल?

निवडीबरोबर जबाबदारीही येते. जत्रेतल्या एकाच यंत्राच्या एकाच सुईने दहा जणांना गोंदले, तर कावीळ ब आणि क यांचे विषाणू, तसेच एचआयव्ही, एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जाऊ शकतात. म्हणून प्रत्येकासाठी नवी सुई आणि नवी शाईची वाटी हा आग्रह धरलाच पाहिजे. गोंदवून घेतल्यावर १२ महिने रक्तदान करता येत नाही, असा भारतातील रक्तपेढ्यांचा दंडक आहे. सैन्यभरतीतही अंगावरील गोंदणाला मर्यादा आहेत. मात्र आदिवासी उमेदवारांना त्यांच्या जमातीच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणाची मुभा दिलेली आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

तरीही कपाळावरचे वा हातावरचे जुने गोंदण काढून टाकण्याकडे आज अनेक स्त्रियांचा ओढा आहे. शहरात लोक टक लावून पाहतात, नोकरीच्या ठिकाणी जात आणि गाव ओळखू येते, ही त्यांची अडचण खोटी नाही. उन्हापावसाला दाद न देणारा काळा रंग लेसर किरणांपुढे मात्र इतर रंगांपेक्षा लवकर हार मानतो. कारण तो सर्व तऱ्हेचा प्रकाश शोषून घेतो व त्या आघाताने त्याचे कण फुटून जातात. ज्या स्त्रीला आपला मोर नको आहे तिला तो पुसण्याचा पूर्ण अधिकार आहे. तो घालताना तिला विचारले नव्हते. निदान काढताना तरी तिचाच शब्द अखेरचा असावा.

मग ही नक्षी नाहीशीच व्हायची काय? बिहारच्या मधुबनी जिल्ह्यातील जितवारपूर गावाने या प्रश्नाचे एक उत्तर दिलेले आहे. तेथील दुसाध समाजाच्या चानो देवी यांनी १९७० च्या दशकात एरिका मोझर या जर्मन अभ्यासक स्त्रीच्या प्रोत्साहनाने आपल्या समाजाचे गोंदण कागदावर उतरविण्यास आरंभ केला. काजळीची शाई तीच. ठिपके, वर्तुळे आणि रांगा त्याच. फक्त सुईऐवजी काडी आणि कातडीऐवजी कागद. पाखरे, जनावरे, झाडे आणि राजा सलहेसाची कथा यांनी ते कागद भरून गेले. मिथिला चित्रकलेत 'गोदना' ही स्वतंत्र शैली म्हणून मान्य झाली आणि ज्या स्त्रियांना उच्चवर्णीयांच्या चित्रपरंपरेत जागा नव्हती त्यांना आपली जागा मिळाली. कोणत्याही मुलीचा हात धरून ठेवावा न लागता नक्षी जिवंत राहिली, हे त्या प्रयोगाचे मोठे यश आहे.

मराठी माणसांच्या घरांतही हे काम लहान प्रमाणावर करता येण्यासारखे आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, गोवे या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांतील वृद्ध स्त्रियांच्या हातांवर निरनिराळ्या प्रांतांची नक्षी एकत्र आलेली असू शकते: माहेरची तुळस, आणि सासरच्या मुलखातल्या जत्रेत काढून घेतलेला मोर. त्या हयात आहेत तोवर त्यांची परवानगी घेऊन नक्षीचे छायाचित्र घ्यावे किंवा ती कागदावर उतरवून ठेवावी. त्याखाली गाव लिहावे, गोंदवले तेव्हाचे वय लिहावे आणि गोंदणारीण कोण होती ते आठवत असल्यास तेही लिहावे. मोराचा अर्थ काय, हे मात्र आपण होऊन लिहू नये. तो तिला विचारावा आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत टिपून ठेवावे. 'काही नाही, हौस होती' असे ती म्हणाली, तर तेवढेच लिहावे. आणि 'फार दुखले होते' असे म्हणाली, तर तेही गाळू नये.